थकलेला कंप्रेसर

कळंबातला आमचा फ्रीजवाला कंप्रेसरला कान लावतो आणि डोळे मिटतो, जणू लांबून कुणी हाक मारतंय. इतरांच्या घरी तो सरळ सांगतो, “गेला.” माझी बायको वारल्यापासून आमच्याकडे तो हा शब्द उच्चारत नाही.

परवा त्याने रिले बदलला, तरी कंप्रेसर क्षणभर घुमला आणि थांबला.

“थकलाय सर. दुसरा आणाय लागंल.”

फ्रीजरमध्ये हिने केलेल्या आमरसाचा शेवटचा डबा होता. मी तो हातात घेऊन उभा राहिलो. डब्यावरून पाणी ओघळू लागलं होतं.

त्याने डबा काढून घेतला आणि टॉवेलात गुंडाळला.

“आमच्या फ्रीजरमंदी ऱ्हाऊ द्या. पोरं लई हावरी हाईत, पण बिनघोर ऱ्हावा. किल्ली अम्मीकडं असती.”