दाजींची चौथी चूक

स्वतःची चूक दाखवणाऱ्याला हौसेनं मिसळ खाऊ घालणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या पदरी पडला. आमचे दाजी कॉलेजात भूगोल शिकवायचे. फळ्यावर त्यांचं काही चुकलं आणि एखाद्या पोरानं हात वर केला, की घरचंच पोरगं बोर्डात आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलायचा. तास संपला की त्या पोराला स्कूटरवर मागं बसवून ते मिसळीला घेऊन जायचे. पोरं इतकी बिलंदर झाली होती, की महिनाअखेरीला खिसा रिकामा झाला की आपणहून पुस्तक उघडून दाजींच्या चुका शोधत बसायची. मी एकदा हसलो, तर दाजी म्हणाले, त्या निमित्तानं अभ्यास तरी होतोय की.

बरं, हा आनंद स्वतःपुरता ठेवतील तर ते दाजी कसले! चूक दाखवली की समोरच्यालाही तेवढंच बरं वाटतं, अशी त्यांची पक्की समजूत. आमचे एक चुलते पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. दाजींनी चहाच्या पहिल्या घोटाला सांगून टाकलं, की तारीख बुधवारची हाय आणि वार मंगळवार छापलाय. चुलत्यांनी तोवर अर्ध्या गावाला पत्रिका वाटल्या होत्या. ते चहा तसाच ठेवून तणतणत उठले. दाजींना मात्र ते जिना उतरेपर्यंत वाटत होतं, की आता आपल्याला मिसळीला चला म्हणतील.

आणि लपवणं हा प्रकार तर त्यांच्या कुंडलीतच नाही. दार सताड उघडं, स्कूटरला किल्ली तशीच. ज्याला लागेल त्यानं स्कूटर न्यावी, फक्त काही बिघडलेलं आढळलं तर येऊन सांगावं. अक्काच्या सासूबाईंची कांदा-लसूण चटणी म्हणजे घरातलं राखलेलं धन, तिचं प्रमाण सुनेलासुद्धा बऱ्याच उशिरा कळलेलं. दाजींनी ते कागदावर लिहून गल्लीतल्या चटणी कुटून देणाऱ्या डंकाच्या भिंतीवर चिकटवून टाकलं. पुढं कोणा बाईंनी त्यात खोबरं वाढवलं आणि तसं कळवलं. दाजी उड्या मारत घरी आले, म्हणाले, बघ, सुधारणा आली! पुढचा रविवार उजाडेपर्यंत अक्का त्यांच्याशी बोलली नाही.

अशा माणसानं सॉफ्टवेअर केलं तर ते कसं असणार? आपल्या विहिरीच्या पाण्याची पातळी दर आठवड्याला भरायची, पाऊस किती झाला ते भरायचं, की हे पाणी उन्हाळ्यात कुठवर पुरेल ते सॉफ्टवेअर सांगतं. फुकट तर आहेच, पण त्याच्या पोटात काय लिहिलंय तेही सगळ्यांना उघडं. कोणीही बघावं, न्यावं, चूक सापडली तर दुरुस्त करून परत द्यावं. याला ओपन सोर्स म्हणतात हे मला दाजींनीच सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या स्कूटरसारखं. ते म्हणाले, व्हय की. त्यापायी या माणसानं आमच्या पाहुण्यारावळ्यांच्या यच्चयावत विहिरींत पाणी मोजायला गाठी मारलेली दोरी सोडली आहे. बारशाला बोलवा नाहीतर तेराव्याला, दाजी आधी विहिरीवर, मग घरात.

पण त्या वर्षी दाजी निवृत्त व्हायचे होते, आणि हे सॉफ्टवेअर पुढं सांभाळायला कोणीच तयार नव्हतं. कॉलेजात ज्याला विचारावं त्याची मान खाली. सांभाळणारा माणूस नसला की असली कामं बंद पडतात, जुनी होतात, मग कोणी वापरत नाही. माझी भाची, म्हणजे त्यांची मुलगी, पुण्यात नोकरीला, तिला श्वास घ्यायला वेळ नाही. एवढ्यात कळलं, की विद्वान मंडळींच्या एका संमेलनात अशा फुकट सॉफ्टवेअरचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ दाखवणार आहेत. जाणती माणसं बघतील, त्यातलं कोणीतरी पुढं येईल, एवढी एकच आशा होती.

माझा कोल्हापुरात राजारामपुरीत लग्नाच्या शूटिंगचा धंदा. दाजी दुकानात येऊन म्हणाले, "पावणं, दोन मिनिटांचं काम हाय." मला काय कळेना, मी तर वरातच काढायच्या तयारीनं निघालो! ड्रोन घेतला, सनईचा ट्रॅक काढला, दाजींसाठी नवरदेवाचा एक कोटसुद्धा घेतला. गडमुडशिंगीला एका ओळखीच्या विहिरीवर आम्ही गेलो, सोबत डबा घेऊन अक्का. दाजींनी कोट विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि चौकड्याच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, हातात दोरी घेऊन उभे राहिले. मी बजावलं होतं, की सॉफ्टवेअरचे तीन गुण सांगा. मी कॅमेरा सुरू केला आणि दाजी म्हणाले, "नमस्कार. यात चार चुका हायत. काळ्या पाषाणातल्या विहिरीला अंदाज चुकतो. शेजाऱ्याची मोटर चालू असली तर चुकतो. मोबाईलवर मराठी अक्षरं फुटतात. चौथी मला अजून सापडली न्हाय, पण ती हाय हे नक्की. मी यंदा रिटायर होतोय. माझ्यानंतर हे सांभाळायला कोणीतरी पाहिजे."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, दाजी, आयुष्य गेलं माझं लग्नात, स्थळ दाखवताना कोण सांगतं का, की पोरगं झोपेत घोरतंय? दाजी शांतपणे म्हणाले, "सांगायलाच पाहिजे. रात्रभर ऐकायचं कुणाला हाय?" मी समजावलं, चिडलो, कॅमेरा बंद करून बांधावर जाऊन बसलो. दाजी तिथंच दोरी धरून उभे. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं, दर वेळी त्याच चार चुका त्याच क्रमानं. शेवटी मी अक्काकडं बघितलं. ती डबा सोडत म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा पहिल्या वाक्यात ह्यांनी सांगितलं होतं, की मला व्यवहार कळत नाही आणि विसरायची सवय हाय. बाकीची स्थळं सगळी गुणांची. मी ह्यांनाच हो म्हटलं. तू ते आहे तसं दे."

झालं! सनई गेली, ड्रोन गेला. मध्येच एक म्हैस हंबरली, तीसुद्धा दाजींनी काढू दिली नाही, कारण ती खरोखर हंबरली होती. व्हिडिओ आहे तसा पाठवला. संमेलनात बाकीचे सगळे व्हिडिओ चकचकीत होते म्हणे. आमच्या घरच्या ग्रुपवर मंडळींनी हळहळ व्यक्त केली, की दाजींना कोणीतरी आधी समजावायला हवं होतं. बरेच दिवस काहीच झालं नाही. दाजी रोज टपाल बघावं तसा मेल बघायचे, आणि मला आतून वाईट वाटायचं.

मग नांदेडकडच्या एका तरुण प्राध्यापिकेचा दोन ओळींचा मेल आला. फुटणारी अक्षरं मी नीट केली आहेत, बघून घ्या. व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या पानावरही ठेवलेला होता; दाजी धावत दुकानात आले आणि त्यातली तिसरी चूक कापा म्हणाले. का तर आता ती चूक नाही. मी कापली. काही दिवसांनी शेजाऱ्याच्या मोटरची चूक सुटली, मग काळ्या पाषाणाचीही सुटली. दर वेळी दाजी यायचे, स्टुलावर बसायचे आणि आपलं एक वाक्य कापून घेऊन जायचे. शेवटी त्या बाईंना चौथी चूक सापडली. दाजींनी अगदी सुरुवातीला लिहिलेल्या भागातच ती होती, आणि तो भाग काढूनच टाकावा लागणार होता. बाईंनी संकोचानं फोन केला, तर दाजी म्हणाले, काढा की, चुकीचं हाय तर ठेवता कशाला. नांदेडला मिसळ पाठवता येईना, म्हणून त्यांनी आख्ख्या स्टाफरूमला खाऊ घातली, आणि व्हिडिओतलं चुकांचं उरलेलं बोलणंही कापून नेलं. पुढं सॉफ्टवेअर बाईंनीच सांभाळायला घेतलं. कॉलेजच्या शेवटच्या आठवड्यात दाजी पुन्हा दुकानात आले आणि ते शेवटचं, रिटायर होतोय, सांभाळायला माणूस पाहिजे, हे कापा म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या हो, कुणाला खुपतंय? ते म्हणाले, "चूक हाय ती आता. माणूस मिळालाय की."

आता त्या व्हिडिओत नमस्कार आहे, विहिरीत सोडलेली दोरी आहे आणि म्हैस आहे. दाजींनी तो पूर्ण बघितला, बरोबर हाय म्हणाले, आणि उठलेच नाहीत. मी विचारलं, बाईंचा फोन येतो का? म्हणाले, कमी येतो, विचारायचं काही उरलं न्हाय तिला, चांगलंच हाय ते. मग माझ्या पडद्यावर चाललेलं कुणाचं तरी लग्न बघत बसले, आणि जरा वेळानं म्हणाले, पावणं, इथं मंगळाष्टक आधी आणि अंतरपाट नंतर झालाय. खरंच माझं चुकलं होतं. मी त्यांना मिसळीला नेलं. तेव्हापासून दाजी रोज दुपारी येतात, आणि मी प्रत्येक लग्नात एक चूक मुद्दाम ठेवतो. परवाची त्यांना दिसली नाही. दुसऱ्या दिवशी मी जरा मोठी ठेवली.