मफलरचा वास

गुडगावचे नवे सेक्टर तेव्हा नुकते वसू लागले होते. एक घर उभं राहिलेलं, शेजारचे दोन-तीन प्लॉट मोकळे, त्यापलीकडे मोहरीचं शेत. मी परभणीहून यूपीएससीच्या तयारीसाठी आलो होतो. माझं नाव मुसलमानी. दिल्लीत कुठेही खोली विचारली की नाव ऐकल्यावर ती ‘कालच गेलेली’ असायची. शेवटी केंद्र सरकारच्या नोकरीतल्या एका मराठी काकांनी त्यांच्या गच्चीवरची खोली मला दिली. काकूंनी एवढंच विचारलं, “आमच्याकडे मांसाहार नसतो, चालेल ना तुला?”

शेजारच्या घरात एक निवृत्त डॉक्टर एकटेच राहायचे. जानेवारीतल्या एका सकाळी त्यांची कामवाली किंचाळत बाहेर आली. मागचं दार फोडलेलं, कपाटं उघडी आणि डॉक्टर स्वयंपाकघरात बेशुद्ध पडलेले, डोक्यातून रक्त. श्वास चालू होता. काकांनी त्यांना गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. आम्ही बाकीचे फाटकाबाहेर थांबलो. धुकं अजून विरलेलं नव्हतं.

पोलीस आले आणि मागाहून एक जीप. त्यातून मिशीवाला एक हवालदार उतरला आणि त्याच्यामागे काळा-तपकिरी अल्सेशियन कुत्रा. लोक आपोआप दोन पावलं मागे सरले. फोडलेल्या दारापाशी पोलिसांना एक राखाडी मफलर सापडला होता. इन्स्पेक्टरने तो चिमट्याने उचलून दाखवला. मफलर माझा होता. चारच दिवसांपूर्वी गच्चीवर उन्हात टाकलेला तो नाहीसा झाला होता. वाऱ्याने उडाला असेल म्हणून काकूंनी आणि मी मोकळ्या प्लॉटमध्ये शोधलाही होता.

हे आत्ताच सांगायला हवं, असं मनात आलं. पण तोंड उघडायच्या आत कुत्र्याच्या नाकाला मफलर लावला गेला होता.

तो जमीन हुंगत निघाला. डॉक्टरांच्या अंगणात एक फेरी, मग फाटकाबाहेर, मग थेट आमच्या जिन्याकडे. वर गच्चीवर त्याच्या नखांचा आवाज ऐकू येत होता. माझं दार उघडंच होतं. थोड्या वेळाने तो खाली आला, गर्दीत शिरला, एकेकाच्या पायाशी नाक नेऊन पुढे गेला आणि माझ्यासमोर थांबला. मग भुंकायला लागला. त्याच्या तोंडाची वाफ माझ्या हातांना लागत होती.

माझ्या दोन्ही बाजूंची माणसं कधी दूर झाली ते कळलंच नाही. पाय पळायला निघाले होते. हवालदाराने ते ओळखलं असावं. दोर मनगटाला गुंडाळत तो अगदी हळू म्हणाला, “भागना मत, छोरे. भागा तो मैं भी नहीं रोक पाऊँगा. खड़ा रह.”

मी उभा राहिलो.

“नाम?” इन्स्पेक्टरने विचारलं. मी सांगितलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “देखा!”

तेवढ्यात काकू आल्या. कुत्र्याला त्या एरवी लांबूनही घाबरत. पण त्या माझ्या शेजारी, अगदी खेटून उभ्या राहिल्या. “ये हमारा लड़का है. इसका मफलर चार दिन से गायब है. मैंने खुद ढूँढा है.”

“आप तो कहेंगी ही, मैडम,” इन्स्पेक्टर म्हणाला. “चलो, बैठो जीप में.”

काकूंनी माझा दंड धरला होता. तो शिपायाने सोडवला. “घाबरू नकोस, काका आले की लगेच येतो आम्ही,” त्या म्हणाल्या.

चौकीत मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. कुत्रा समोरच्या खांबाला बांधलेला. आतून एकजण सारखा विचारत होता, साथीदार कोण, माल कुठे. मी तेच तेच उत्तर देत होतो आणि दर वेळी ते मलाच जास्त खोटं वाटत होतं. “संध्याकाळपर्यंत बोलेल,” आत कुणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत काय करतील, याचा विचार मी थांबवू शकत नव्हतो. घरी अब्बांना कोण कळवणार, कोणत्या शब्दांत, हे डोक्यात फिरत होतं.

दुपारी हवालदार कुत्र्यासाठी दूध-रोटी घेऊन आला. माझ्यासाठी चहा. मी धीर करून विचारलं, “ये मुझे चोर समझता है?”

तो कुत्र्याची मान खाजवत राहिला. “इसने तो बस इतना बताया कि कपड़ा तेरा है.” मग आतल्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “पिछले साल एक मज़दूर था. ऐसे ही सामने रुका ये. वो डर के भाग लिया. जाँघ का मांस निकल आया. बाद में पता चला, उसका कुछ लेना-देना ही नहीं था.” तो पुन्हा कुत्र्याची मान खाजवायला लागला. “आज तुझे देखा तो वही याद आया. हाथ काँप रहे थे मेरे.”

त्याचेही हात कापत होते हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच भीती वाटली.

दिवस मावळता काका आले. डॉक्टर शुद्धीवर आले होते. दवाखान्यात पोलिसांनीच त्यांचा जबाब घेतला होता. दोघं होते, एकाने राखाडी मफलर तोंडाला गुंडाळलेला, आणि दुसरा काही महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे रंगकाम करून गेलेला. त्याला त्यांनी ओळखलं होतं, आणि झटापटीत मफलर सुटल्यावर दिसलेला पहिला चेहरा माझा नव्हता, हेही सांगितलं होतं. क़िस्मत अच्छी है तेरी, असं काहीतरी इन्स्पेक्टर बोलला आणि मला “जाओ” म्हणाला. माफी वगैरे कुणी मागितली नाही, मलाही तिची अपेक्षा करायचं सुचलं नाही. घरी काकूंनी ताट वाढलं. मी घास हातात घेतला आणि रडायला लागलो. काका उठून बाहेर अंगणात गेले. काकू समोर बसून राहिल्या.

त्या दोघांना पुढे पानिपतजवळ पकडलं. डॉक्टर बरे झाले, पण घर विकून मुलीकडे गेले. मी त्याच खोलीत राहिलो, फक्त दाराला आतून दुसरी कडी लावून घेतली.

मार्चमध्ये एकदा सकाळी बसस्टॉपकडे जाताना तो हवालदार समोरून आला, कुत्र्याला फिरवायला निघालेला. मला पाहून थांबला. कुत्राही बसला. “हाथ सुँघा दे इसको,” तो म्हणाला. “दोस्ती हो जाएगी. डर निकल जाएगा तेरा.”

मी खूप प्रयत्न केला. हात खिशातून बाहेर निघेना.

“कोई बात नहीं,” तो म्हणाला. त्याने दोर आखूड धरला, कुत्र्याला रस्त्याच्या पलीकडे नेलं आणि मी पुढे जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.