इंग्रिडच्या भट्टीची झडप

सावधान! सर्वांनी सरसावून बसावं. म्युनिकजवळच्या एका खेड्यातून आज अत्यंत गंभीर निवेदन होत आहे. माझ्या बायकोनेही ते आजवर ऐकलेलं नाही.

मी गोष्टी सांगतो. झकास सांगतो—खोटा विनय कशाला? हे आधी कबूल करतो, कारण गुन्हा तिथेच घडला.

आमची शेजारीण इंग्रिड, निवृत्त शिक्षिका. प्राचीन ग्रीकांसारखे घडे करते... करायची. तांबडा घडा, त्यावर काळी चित्रं. आणि गंमत ऐका—काळा रंग त्यात नसतोच! चित्रही मातीचंच, फक्त फार बारीक मातीचं. भट्टीची झडप बंद करून ओल्या लाकडाचा धूर कोंडायचा, की सगळं काळं पडतं. मग वेळेवर झडप उघडायची. भट्टी तापलेली असतानाच हवा लागली की घडा पुन्हा तांबडा होतो, चित्र मात्र काळंच राहतं. आणि वेळेवर नाही उघडली तर?—थांबा, येतोच तिकडे.

त्या शनिवारी भट्टीत तिचा सर्वांत मोठा घडा होता. त्यावरचे डॉल्फिन काढण्यात तिचा अख्खा हिवाळा गेला होता. गावच्या प्रदर्शनात मधलं टेबल त्याच्यासाठी राखलेलं. भावाला आणायला ती स्टेशनवर निघाली. म्हणाली, "चार वाजता झडप उघड. बाकी कशाला हात लावू नकोस. जमेल?"

"गेनाऊ! अगदी!" मी म्हणालो. छातीवर हात ठेवून.

चार वाजता मी कुठे होतो? कुंपणाच्या अलीकडे, आमच्या अंगणात. मित्रमंडळी जमलेली, आणि मी एस-बान लोकलमधल्या तिकीट तपासनिसाची नक्कल करत होतो. लोक पोट धरून हसत होते. "परत कर रे, परत!" मी परत केली. विसरलो होतो का? छे. घड्याळ समोर दिसत होतं. एवढी टाळी घेऊ, मग जाऊ—असं ठरवलं मी.

गेलो तेव्हा भट्टी निवत आली होती. झडप उघडली, आणि इंग्रिड आल्यावर सांगितलं—चार वाजता उघडली.

दुसऱ्या दिवशी घडा निघाला तो कोळशासारखा. डॉल्फिन अंधारात बुडालेले. "माझी मातीच चुकली," ती म्हणाली. आणि मी? मी तिचं सांत्वन केलं! इटलीतले एट्रुस्कन कुंभार मुद्दाम असे काळेभोर घडे करत, हे रंगवून रंगवून सांगितलं. ती हसलीसुद्धा.

मधलं टेबल रिकामं राहिलं. तिने साठवलेली सगळी माती फेकून दिली. भट्टी पुन्हा पेटली नाही. रोज कुंपणावरून बोलतो आम्ही—मी तर किती बोलतो!—पण हे एक वाक्य नाही.

गेल्या आठवड्यात तिने कुंचले आमच्या मुलीला देऊन टाकले. बायको हळहळली, "पण चूक मातीचीच कशावरून? दुसरं काही बिघडलं असेल."

मी तिथेच उभा होतो. इंग्रिड माझी पाठ थोपटत पटकन म्हणाली, "बिघडणार काय? झडपेपाशी हा होता म्हणून बरं—दुसरं कुणी असतं, तर मी त्याच्यावरच संशय घेतला असता!"