मास्तरांची नाणी

संगमनेरच्या बाजारात गोणपाटावर जुनी नाणी मांडून बसणारा तो म्हातारा मला एकदाच भेटला, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. वडील गेल्यावर त्यांनी जमवलेली नाणी विकायला मी एकटीच गेले होते. मला शिलाई मशीन घ्यायचं होतं. पण वडिलांचा जीव होता त्या नाण्यांवर, त्यापुढे हे कारण मलाच हलकं वाटे. म्हणून भावाच्या आजारपणाचं खोटं कारण मी एसटीत घोकत आले होते.

मी पुढे ठेवलेल्या नाण्यांतली, पंचांगाच्या कागदात बांधलेली एक पुडी त्याने उचलली, कागदाच्या खोचलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि न उघडताच हसला.

"ही घडी माजीच हाय. मास्तरांच्या लेक ना तुमी?"

मी मान हलवली आणि भावाचं दुखणं सांगायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. मास्तर दर खेपेला सांगायचे, माजी लेक एक दिवस ही नानी इकायला आनील. तिला दर नीट दे, पन कारन इचारू नको."

मला हसूच आलं. त्याने न विचारताच मी सांगून टाकलं, "शिलाई मशीन घ्यायचंय."

आणि माझा धडधाकट भाऊ त्या गोणपाटापाशीच आजारातून उठला.