मावशी म्हणाली होती, पळ

मावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नांदेडला शाळेच्या मैदानावर सहावीच्या पोरांकडून कवायत करून घेत होते. निरोप वाचला, फोन पर्समध्ये टाकला आणि 'सावधान' म्हणाले. रडू आलं नाही. संध्याकाळपर्यंत नात्यातल्या ग्रुपवर संदेशांचा पूर आला… देवमाणूस गेला, लातूरच्या किती बायकांची सुटका तिच्या हातून झाली, माया लावावी तर डॉक्टरबाईंनीच. सगळं खरं आहे. मीसुद्धा गेले सहा आठवडे असंच काही लिहायला बसते आणि उठते. कारण एकदा, फक्त एकदाच, ती माझ्या बाबतीत खोटं बोलली, आणि ते माफ करणं मला अजून जमलेलं नाही.

ती माझ्या आईची धाकटी बहीण, लातूरला बाळंतपणाची डॉक्टर. दहावीनंतर कंधारहून मी लातूरला तिच्याकडे शिकायला आले. बाकीच्या मुली पहाटे क्लासला पळायच्या, मी नुसतीच पळायचे, आणि तेही तिच्यामुळे. साडेपाचला माझं पांघरूण ओढून काढायची, स्वतः साडीवर स्वेटर चढवून मैदानाच्या कट्ट्यावर घड्याळ घेऊन बसायची आणि माझ्या प्रत्येक फेरीला आकडा ओरडायची. आई एकदा आली होती. माझी हाफपँट बघून तिनं कपाळावर हात मारला, लोक काय म्हणतील म्हणून. मावशी म्हणाली, "अगं अक्का, पोरगी पळायली हाय, पळून गेली न्हाई." आईसुद्धा हसली. माझे पहिले स्पाइक्सचे बूट मावशीनंच आणले. स्वतःवर विश्वास ठेवायला मी तिच्याकडूनच शिकले, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

लग्न होऊन नांदेडला आले, पीटीची बाई म्हणून नोकरी लागली, पळणं चालूच राहिलं. तिसऱ्या वर्षी दिवस गेले. तीन महिने भरेपर्यंत घराबाहेर अवाक्षर काढायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. पंधरा दिवसांनी लातूरला शिक्षकांची दहा किलोमीटरची शर्यत होती. तिची तयारी मी चार महिने केली होती. घरी सांगितलं, पंच म्हणून चालले. हे खोटं माझं, ते मी कबूल करते. आदल्या दिवशी मावशीकडे उतरले. दवाखान्यात निम्मं गणगोत बसलेलं असतं, म्हणून सगळे गेल्यावर तिनं मला तपासलं, मशीनवर बाळाचे ठोके दाखवले आणि बातमी फुटू नये म्हणून केसपेपरही केला नाही. मग स्वयंपाकघरात ओट्याशी भाकरी थापता थापता म्हणाली, "रोज पळतीस ना? मग पळ उद्या. नंबरासाठी जीव टाकू नको. पळता पळता शेजारणीशी बोलता आलं पायजे, तेवढाच जोर. पाणी पी. पोटात दुखलं की थांब." मी दोनदा विचारलं, काही होणार नाही ना? तिनं पिठाच्या हातानं माझा गाल ओढला. "सगळं नीट हाय. उगं भिऊ नको."

मी तसंच पळाले. चौथी आले, आणि इतकी खूश होते की फोटोही काढला. तीन आठवड्यांनी एका दुपारी शाळेतच अंगावरून जायला लागलं… नांदेडच्या दवाखान्यात रिकामं पोट घेऊन मी पडले होते तेव्हा मावशी लातूरहून गाडी करून आली. तिला बघून मला वाटलं, आता सगळं नीट होईल. तोवर तो फोटो सासूबाईंपर्यंत पोचला होता. त्यांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, "डॉक्टरबाई, पळण्यानंच झालं न्हवं हे?" मावशी सलाइनच्या नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी नको म्हणले होते तिला. ऐकती का ती?"

मोठ्या माणसाला सासरच्यांसमोर खोटं पाडायचं नसतं, एवढंच डोक्यात होतं. पुढे पुढे तर मलाच शंका यायला लागली, ती खरंच नको म्हणाली होती की काय. दोन वर्षांनी मुलगी झाली. ते नऊ महिने मी जिनासुद्धा देवाचं नाव घेऊन चढले. त्यानंतर आजतागायत पळाले नाही, शिट्टी तेवढी वाजवते. घरात कधी शब्दाला शब्द लागला की सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या की मीच माघार घ्यायचे. आपल्या हातानं आपलं मूल घालवलेल्या बाईनं आवाज कुठून चढवायचा?

शेवटच्या आजारपणात मी मावशीला एकटीला गाठून विचारलं. "तेव्हा तसं का म्हणालीस?" तिनं कूस बदलली. "जुनं झालं ते बाळा." एवढंच. मी तिचे पाय चेपत बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

मावशीच्या चौदाव्या दिवशी लातूरच्या त्याच स्वयंपाकघरात मी आणि सासूबाई पाहुण्यांची ताटं पुसून लावत होतो. मला एकदम असह्य झालं. म्हटलं, "आई, इथं, या ओट्यापाशी मावशीनं मला सांगितलं होतं, पळ म्हणून. ती तुमच्याशी खोटं बोलली." सासूबाईंचा हात थांबलासुद्धा नाही.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "आठ दिसांनी त्यांचा फोन आला व्हता. रडत व्हत्या. म्हणल्या, पळण्यानं कायबी झालं न्हाई, गर्भच नीट धरला नव्हता, पोरीला बोल लावू नका."

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्या सांगणार व्हत्या. मीच म्हणलं, राहू द्या." त्यांनी ताट फडताळात ठेवलं. "तू परत पळाली असतीस."

मावशीनं त्यांचं ऐकलं. बारा वर्षं ऐकलं. मला तिथंच ओरडावंसं वाटलं, पण बाहेर माणसं होती आणि जिच्यावर ओरडायचं ती राहिली नव्हती. दुसरीसोबत, सासूबाईंसोबत, मला दुपारच्या एसटीनं नांदेडला परत यायचं होतं. मी खिडकीची जागा त्यांना दिली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं… आणि मी सबंध वाट हाच विचार करत होते की त्या बरोबर म्हणत होत्या. मी पळालेच असते.