कवळीतली फट

कावळ्याला शब्द दिला म्हणून मला दात बसवावे लागले.

बायको गेली, तिच्या दहाव्याची गोष्ट. उंब्रजला नदीकाठी पिंड मांडला होता आणि समोरच्या बाभळीवर चांगले पाच-सहा कावळे बसले होते. एक खाली उतरेल तर शपथ! (गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा पिंडाला शिवत नाही, असं आमच्याकडं मानतात. मग जो तो हात जोडून काहीबाही कबूल करत सुटतो.) माझा मुलगा बाळू म्हणाला, "आये, आबांकडं मी बघीन." कावळा ढिम्म. पुतण्या म्हणाला, "काकू, बांधाचं भांडण मिटवतो." कावळ्यानं पंखसुद्धा हलवला नाही. त्यालाही ते खरं वाटलं नसावं.

ऊन चढलं. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागले. तेवढ्यात तासगावची माझी मेहुणी तानू मागून ओरडली, "आवं दाजी, दातांचं बोला की! आक्का सात वर्सं तुमच्या मागं लागली हुती!"

ते खरं होतं. माझ्या तोंडात पाच दात उरले होते आणि पाचातल्या एकाचीही दुसऱ्याशी गाठ पडत नव्हती. हौसा मला भाकरी दुधात कुस्करून द्यायची आणि देताना रोज म्हणायची, "कवळी बसवा, न्हाईतर पाळण्यात निजा!" मी पलटणीत सतरा वर्षं काढली, पण दाताच्या डॉक्टरला भ्यायचो. हे तिला कधी सांगितलं नाही. उलट डाफरायचो, "माझं तोंड हाय, मी बघीन!"

आता पिंडासमोर हात जोडले. "बरं बाई, वर्षाच्या आत बसवतो," म्हणालो. शब्द संपायच्या आत कावळा खाली! शंभर-दीडशे माणूस साक्षीला. पळायची वाटच बंद.

तरी मी आठ महिने पळालो. वर्षश्राद्ध चार महिन्यांवर आलं तेव्हा बाळूनं मला मोटरसायकलवर घातलं आणि कराडला नेलं. डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. तोंडात बॅटरी मारून म्हणाली, "आजोबा, हे पाच काढावे लागतील."

"का? त्यांनी काय केलंय?"

"हलतायत."

"मी बी हलतोय. मला काढतीस का?"

काढले. हिरड्या भरायला दोन महिने गेले. मग एक दिवस तिनं तोंडात गुलाबी लगदा कोंबून माप घेतलं. "आता एक जुना फोटो आणा. दात दिसणारा. म्हणजे तुमच्या तोंडाला शोभतील असे करता येतील."

घरी ट्रंक उपसली. पलटणीतल्या फोटोत तोंड बंद. लग्नातल्या फोटोत मी पोलिसांनी धरून आणल्यासारखा उभा. बाळूच्या लग्नात तर रुसलेलाच होतो. एका फोटोत हसलो असेन तर नाव बदला! शेवटी एक सापडला. वाईच्या घाटावर आम्ही दोघं बसलोय, हौसा तोंडभरून हसतीय आणि मी शेजारी गच्च तोंड मिटून. डॉक्टरणीला दात दिसणारा फोटो पाहिजे होता, ह्यात दात दिसत होते. चेहरा माझा बघतील आणि दात कसे असतात ते तिच्यात बघतील, एवढी माझी अक्कल!

दवाखान्यात गेलो तर डॉक्टरीण बाहेर गेलेली. कंपाउंडर होता, पन्नाशीचा, चष्मेवाला. त्यानं फोटोचा मोबाईलवर फोटो काढला, बोटांनी ताणून मोठा केला आणि नुसते दात तेवढे सांगलीला पाठवून दिले. कवळ्या तिकडं बनतात.

"आणि चेहरा?" मी विचारलं.

"तो तुमच्याकडंच ऱ्हाणार हाय की, आजोबा."

मला पटलं.

कवळी आली, झक्क बसली. डॉक्टरीण म्हणाली, "पुढच्या दोन दातांत फट आहे, बाजूचा एक जरा तिरका आहे. फोटोत होतं तसंच ठेवलंय. चालेल?" मी आरशात बघितलं. दात लय ओळखीचे वाटले. आपलेच दात, ओळखीचे वाटणारच!

घरी मात्र तोंड उघडलं नाही. "आधी तिला दाखवीन, मग तुमाला," असं बाळूला पाटीवर लिहून दिलं. तीन दिवस तोंडाला उपरणं लावून फिरलो.

वर्षश्राद्धाला सगळी भावकी जमली. भिंतीवर हौसाचा हार घातलेला फोटो, घाटावरचाच, श्राद्धासाठी तिच्यापुरता मोठा करून घेतलेला. मी त्याच्याखाली उभा राहिलो, हात जोडले, म्हणालो, "हौसा, दिलेला शब्द पाळला बघ!" आणि सगळ्यांकडं वळून तोंडभर हसलो.

तानूनं वर फोटोकडं बघितलं, खाली माझ्याकडं बघितलं, परत वर बघितलं. हातातली खिरीची वाटी खाली पडली.

"आगं बया! आक्का!"

सून पदर तोंडात कोंबून आत पळाली. माझा चुलतभाऊ गणपा पुढं येऊन माझ्या तोंडात वाकून बघायला लागला. "आरं, ह्ये तर वैनीचं दात! जायच्या आदी काढून घितलंस का काय रं?"

"आबा, फोटो कुठला दिला हुता?" बाळूनं विचारलं.

"दात दिसणारा!"

मग जी हसाहशी झाली, ती श्राद्धाच्या घराला शोभणारी नव्हती. तानू हसता हसता खाली बसली आणि बसल्यावर रडायला लागली. मग मी पण जरा घरामागं परड्यात जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी कराड गाठलं. डॉक्टरीण कान पकडून म्हणाली, "चूक आमची. आठ दिवसांत पुढचे दात बदलून देते." तिनं ताटली पुढं केली. मी कवळी काढून हातात घेतली. ती फट माझ्याकडं बघत होती. ताटलीत काही ठेववंना.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो आणि परत तोंडात घातली.

आता भाकरी चावून खातो. पण घरातली माझी जरब पार गेली. डाफरायला तोंड उघडलं की बाळू ओठ दाबून हसतो, सून पदर शोधते. परवा दारातल्या कुत्र्यावर चांगला पलटणीतल्या आवाजात ओरडलो. आधी ते माझ्या आवाजानं गोठ्यामागं पळायचं, भाकरीला तेवढं हौसाकडं जायचं. आता माझ्या तोंडाकडं बघून शेपूट हलवत आलं आणि भाकरीसाठी जीभ काढून बसलं!