टरबुजाचा भाव

टरबूज कापल्याचा वास आला की पैठण रस्त्यावरची ती मे महिन्यातली दुपार आठवते. बहिणीच्या दोन्ही पोरांना सहजच स्कूटरवर बसवून मी धरण दाखवायला निघालो होतो. चितेगावच्या पुढे टरबूजवाला भाव सोडेना, तेव्हा संतापून मी नेहमीची युक्ती केली. स्कूटर तिथेच ठेवून पोरांसह पुढच्या दुकानाकडे चालू लागलो. “मामा, लई तहान लागली,” भाची म्हणाली. “मागं बघू नको, आता बोलवतोच तो.” त्याने बोलावलंच नाही, आणि भाची तापल्या डांबरावर कोसळली. दवाखान्यात बहिणीने विचारलं, “दादा, झाला का भाव?” पोरगी वाचली. पण एवढी शिक्षा मला अजून पटलेली नाही. बहीण पुंडलिकनगरात, मी दहा मिनिटांवर मुकुंदवाडीत. राखी पोस्टाने येते.